परवान्यावर कोणता जिल्हा लिहिलाय, ते आधी वाचा

खासगी सुरक्षा रक्षकांच्या परवान्यांविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी खुद्द गार्ड मंडळींची आहेत, नाईट ड्युटीत बसून लिहिलेली. एका पत्राच्या पाठीमागे गाड्यांच्या आवक-जावकीची नोंद आहे, रात्री दोन वाजून दहा मिनिटांची. मी स्वतः मॉलच्या दारात लेडी गार्ड म्हणून लागले. नऊ वर्षं उभ्याने ड्युटी केली, पुढे सुपरवायझर झाले आणि आता प्रशिक्षण केंद्रात शिकवते. त्यामुळे ही पत्रं वाचताना आधी पाय दुखतात, मग कायदा आठवतो. कोणाचंही नाव छापलेलं नाही. नोकरी जायची भीती जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दोडामार्ग तालुक्यातला. रोज बसने गोव्यातल्या एका कारखान्यावर ड्युटीला जातो. आमची एजन्सी सिंधुदुर्गातली आहे. मध्यंतरी तपासणीला साहेब आले, त्यांनी परवाना मागितला. सुपरवायझरने मोबाईलवर महाराष्ट्राच्या परवान्याचा फोटो दाखवला. साहेब म्हणाले, हा इथे चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्हा सात जणांना घरी बसवलंय. मालक म्हणतो, कायदा दिल्लीचा आहे, परवाना देशभर चालतो. खरं काय? आमच्यावर केस होईल का?
– एक रक्षक, दोडामार्ग

उत्तर : दादा, तुमचा मालक अर्धंच खरं सांगतोय आणि उरलेल्या अर्ध्यापायी सात घरं बसली आहेत.

कायदा केंद्राचाच आहे : खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, 2005. तो 15 मार्च 2006 पासून लागू झाला. आपल्या लाईनीत सगळे त्याला ‘पसारा’ म्हणतात, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून. पण परवाना देणारा अधिकारी राज्याचा असतो. कलम 3 प्रमाणे प्रत्येक राज्य सरकार गृह खात्यातला सहसचिव किंवा त्याच्या बरोबरीचा अधिकारी ‘नियंत्रक प्राधिकारी’ म्हणून नेमतं. त्याची सही त्याच्या राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. बस दोडामार्गाहून सुटून हद्द ओलांडली की तुम्ही गोव्याच्या प्राधिकाऱ्याच्या ताब्यात आलात. तिथे गार्ड पुरवायचे तर एजन्सीकडे गोव्याचा परवाना हवा. एजन्सीचं ऑफिस कुठे आहे हे कोणी बघत नाही, गार्ड कुठे उभा आहे ते बघतात. कोल्हापुरातून बेळगावात आणि जळगावातून बऱ्हाणपुरात गार्ड पाठवणाऱ्या एजन्सींचंही हेच आहे.

आणि हद्द फक्त राज्याची नसते, हे फार जणांना माहीत नसतं. राज्याच्या आतही परवाना तीन मापांत मिळतो. एका जिल्ह्यापुरता हवा असेल तर फी 5,000 रुपये, एकाहून जास्त पण पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी 10,000 आणि पूर्ण राज्यासाठी 25,000. ही रक्कम कायद्यातच लिहिलेली आहे. म्हणजे तुमच्या मालकाने फक्त सिंधुदुर्गाचे 5,000 भरले असतील, तर गोवा सोडाच, शेजारच्या कोल्हापुरातही त्याला एक माणूस उभा करता येणार नाही. परवाना हातात घेतला की आधी जिल्ह्यांची नावं वाचायची, मग मुदतीची तारीख आणि मग एजन्सीचं नाव. नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. परवाना एका नावाने आणि गार्डच्या बाहीवरचा बिल्ला दुसऱ्याच नावाचा, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. परवान्यावरच्या नावापेक्षा वेगळं नाव वापरणं हे कलम 13 खाली परवाना रद्द व्हायला पुरेसं कारण आहे.

राज्याराज्यांत फरक का, असं तुमच्या मनात आलंच असेल. कायदा एक असला तरी त्याखालचे नियम प्रत्येक राज्य आपापले करतं. केंद्र फक्त नमुना देतं. पहिले नमुना नियम 2006 चे, नंतर 2020 मध्ये नवे आले. कोणी नमुना जसाच्या तसा उचलतो, कोणी त्यात आपली भर घालतो. म्हणून महाराष्ट्रात चालणारा फॉर्म पुढच्या राज्यात चालेल असं गृहीत धरायचं नाही.

आता तुमच्या काळजीचं. परवान्याशिवाय एजन्सीचा धंदा करणं हा गुन्हा आहे. कलम 20 मध्ये त्याला एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय. पण गुन्हा ‘धंदा करण्याचा’ आहे. गेटवर उभं राहून पगार घेणारा माणूस धंदा करत नाही. कोणी विचारलं तर खरं ते सांगा : कोणी कामावर घेतलं, कधीपासून, पगार कोण देतं. मालकाला वाचवायला काही रचून सांगू नका, तिथे मात्र तुम्ही अडकाल.

आणि झालेल्या दिवसांचा पगार मागा. परवाना नव्हता हा मालकाचा दोष, तुमची हजेरी त्याने पुसली जात नाही. कारखान्याच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये तुमच्या सह्या असतील. त्या पानांचे फोटो मिळत असतील तर आजच घ्या.

या प्रश्नाशी मी जरा जास्त रेंगाळतेय, कारण हे माझ्यावरही गेलंय. मॉलच्या ड्युटीत एकदा सकाळी साडेदहाला तपासणीला अधिकारी आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, कार्ड दाखवा. मी गळ्यातलं कार्ड पुढे केलं. ते उलटसुलट करून त्यांनी विचारलं, यावर नंबर कुठाय? कार्ड म्हणजे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर चिकटवलेला माझा पासपोर्ट साईज फोटो आणि वर प्लास्टिक. कडा उसवलेल्या. मला वाटलं होतं कार्ड म्हणजे कार्ड. कलम 17 प्रमाणे एजन्सीने प्रत्येक गार्डला फोटो ओळखपत्र द्यायचं असतं आणि नमुना नियमांप्रमाणे त्यावर रंगीत फोटो, गार्डचं नाव, एजन्सीचं नाव आणि कर्मचारी क्रमांक असायला हवा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्या बायकांच्या पर्सा मी रोज तपासत होते, त्या रांगेत उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी चोर मी ठरले. एजन्सीचा माणूस संध्याकाळी आला आणि कार्ड नीट जपायला काय होतं, म्हणून मलाच ओरडला. म्हणून आता केंद्रात पहिल्या दिवशी मी मुलांना कार्डच वाचायला लावते. मोठ्याने, प्रत्येक ओळ.

प्रश्न : कोथरूडमधल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत दोन वॉचमन आहेत, बारा वर्षांपासून. पगार संस्था थेट देते. एका सभासदाचं म्हणणं आहे की आता परवान्याशिवाय वॉचमन ठेवता येत नाही, त्यांना काढून एजन्सी लावावी. एका एजन्सीने दरपत्रकही दिलं आहे. संस्थेने काय करावं?
– सचिव, एक गृहनिर्माण संस्था, पुणे

उत्तर : त्या दोघांना परवान्याच्या नावाखाली काढू नका, ही माझी हात जोडून विनंती. ‘पसारा’ कायदा दुसऱ्याला गार्ड पुरवण्याचा धंदा करणाऱ्यांना लागू होतो. आपल्या दारावर आपण स्वतः पगार देऊन माणूस ठेवला, तर संस्था काही एजन्सी होत नाही आणि त्या वॉचमनला स्वतःच्या नावाने या कायद्याखाली परवाना काढावा लागत नाही. खरं म्हणजे गार्डच्या नावाने परवाना हा प्रकारच यात नाही. परवाना एजन्सीला, गार्डला ओळखपत्र आणि प्रशिक्षण. दोघांची पोलीस पडताळणी करून घ्यायची असेल तर जरूर घ्या, त्यात त्यांचाही मान आहे. किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी या गोष्टी संस्थेने पाहायच्याच आहेत.

एजन्सी लावायचीच असेल तर दरपत्रकाच्या आधी परवाना मागा. कलम 12 प्रमाणे तो एजन्सीच्या ऑफिसात दिसेल असा लावलेला असला पाहिजे. तेव्हा समितीतल्या कोणीतरी एकदा तिथे जाऊन यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. परवान्यात पुणे जिल्हा आहे का आणि मुदत कधीपर्यंत आहे, ते बघा. परवाना पाच वर्षांचा असतो. मुदत संपायच्या किमान 45 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा असतो. मुदत संपत आलेली दिसली तर त्या अर्जाची पोच मागा. देणाऱ्याकडे असेल तर तो लगेच देतो.

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातला, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. गावातली आठ-दहा पोरं घेऊन एजन्सी काढायचा विचार आहे. ओळखीचा एक जण म्हणतो, आधी साईट धर, परवाना मागाहून येतो. बरोबर आहे का?
– माजी सैनिक, जि. सातारा

उत्तर : मुळीच नाही, हवालदारसाहेब. कलम 4 सरळ सांगतं : परवान्याआधी धंदा सुरू करायचा नाही. तुमची नोकरी स्वच्छ, पेन्शन स्वच्छ. पहिलंच पाऊल गुन्ह्यात टाकू नका.

अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. तुमची आणि भागीदारांची पार्श्वभूमी तपासली जाते. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला किंवा गैरवर्तनावरून सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्याला परवाना मिळत नाही. तेव्हा भागीदार घेताना भावकी बघू नका, कागद बघा. एका भागीदारामुळे सगळा अर्ज फेटाळला जातो. कंपनी काढणार असाल तर ती भारतात नोंदलेली हवी. अर्जावर 60 दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. परवाना नाकारला तर राज्याच्या गृह सचिवांकडे अपील करता येतं, त्यालाही 60 दिवसांची मुदत. आणि परवाना मिळाल्यापासून सहा महिन्यांत काम सुरू झालं पाहिजे.

किती जिल्ह्यांचा घ्यायचा, हे नीट विचार करून ठरवा. आठ-दहा पोरांवर पूर्ण राज्याचे 25,000 भरणं मला पटत नाही. फी एकवेळ भरू शकाल, पण माणूस आजारी पडला तर नांदेडच्या साईटवर रिलीव्हर कुठून आणणार? सातारा धरा. पुण्याला कामं मिळतात असं दिसत असेल तर दोन ते पाच जिल्ह्यांच्या टप्प्यात सातारा, पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर असे शेजारचे पाच बसतात. तेवढ्या टापूत मोटरसायकलवर रात्रीची फेरी मारता येते. गार्ड झोपलाय की नाही यापेक्षा त्याला डबा मिळाला की नाही हे बघायला तरी ती मारावी.

तुमचा एक मोठा फायदा आहे. सुपरवायझर आणि गार्ड नेमताना सैन्यदलात, पोलिसांत काम केलेल्यांना प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे. 2006 च्या नमुना नियमांत माजी सैनिकांना आणि पोलिसांना प्रशिक्षणही कमी ठेवलंय : 40 तास वर्गात आणि 16 तास मैदानावर, किमान सात दिवसांत. गावातल्या पोरांना मात्र पुरं करावं लागतं : 100 तास वर्ग, 60 तास प्रत्यक्ष, किमान वीस दिवस. यात आग विझवणं, गर्दी आवरणं, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, फिर्याद कशी नोंदवायची हे सगळं येतं. काही केंद्रं पैसे घेऊन दोन दिवसांत वीस दिवसांचा दाखला देतात. तुम्ही फौजेतले आहात, अशा दाखल्यावर पोरगा आगीसमोर उभा केला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मी 41 वर्षांची आहे. पती वारल्यावर मुलं माझ्यावर आहेत. सिक्युरिटीत जायचं म्हणते, पण उंची कमी आहे, 152 सेंटिमीटर. धावताही येत नाही. वयही झालं. मला घेतील का?
– एक भगिनी, मालेगाव

उत्तर : वय अजिबात झालेलं नाही, बाई. कायद्याप्रमाणे गार्डचं वय अठरा पूर्ण आणि पासष्टच्या आत हवं. तुमच्यापुढे चोवीस वर्षं आहेत. उंचीत तर तुम्ही बसता : 2006 च्या नमुना नियमांत पुरुषांना 160 आणि स्त्रियांना 150 सेंटिमीटर लागते. छातीचं माप स्त्रियांना नाही. दूरची नजर नीट हवी, चष्म्याने असली तरी चालते. रंग ओळखता यायला हवेत, कारण आगीच्या पॅनेलवरचा लाल दिवा आणि हिरवा दिवा यांतला फरक तुम्हालाच आधी कळायचा असतो. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आले पाहिजेत. गाडीचा नंबर आणि ओळखपत्रावरचं नाव, एवढ्या वाचनापासून सुरुवात करा.

राहिलं धावणं. एक किलोमीटर सहा मिनिटांत, असं माप आहे. ऐकायला भीती वाटते. माझ्याकडे मागच्या तुकडीत तुमच्याच वयाची एक होती, भाजी विकायची. पहिल्या दिवशी साडीचा पदर खोचून धावली, अर्ध्यात बसली, साडेनऊ मिनिटं लागली. आम्ही तिला म्हटलं, सलवार-कमीज घाल, बूट घाल आणि आठवडाभर नुसतं भरभर चाल. दुसऱ्या आठवड्यात शंभर पावलं धाव, शंभर चाल. विसाव्या दिवशी घड्याळात पाच मिनिटं पन्नास सेकंद झाली होती. ती मैदानावर बसून रडली. आणि मीसुद्धा. तुम्ही उद्या पहाटेपासून चालायला लागा.

एक मात्र पाहून घ्या. लेडी गार्डला कधी कधी एकटीला नाईटला टाकतात, ना चेंजिंग रूम, ना बाथरूम. नोकरी धरण्याआधी साईट स्वतः बघून या. विचारायला लाजू नका, पहिल्या दिवशी विचारलेलं सोपं जातं.

प्रश्न : आमच्या एजन्सीने नवा खाकी युनिफॉर्म दिला आहे, खांद्यावर दोन स्टार. लोक सलाम करतात, बरं वाटतं. पण एका हवालदाराने दम दिला. चूक कोणाची?
– एक रक्षक, नागपूर

उत्तर : तो युनिफॉर्म उद्यापासून घालू नका. सैन्याचा, पोलिसांचा गणवेश किंवा त्याच्यासारखा दिसणारा, त्यांची खूण असलेला पोशाख गार्डने घातला तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि इथे नीट लक्ष द्या : ही शिक्षा घालणाऱ्याला आणि एजन्सीच्या मालकाला, दोघांनाही आहे. परवान्याचं ओझं एजन्सीवर असतं, गणवेशाचं तुमच्या अंगावरही. एजन्सीला लेखी कळवा आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

नमुना नियमांतला गार्डचा पोशाख साधा आहे. बाहीवर एजन्सीचा बिल्ला, खांद्यावर किंवा छातीवर पदाची खूण, डोक्यावर टोपी, नाडीचे बूट आणि दोरीला बांधलेली शिट्टी, ती डाव्या खिशात. ओळखपत्र समोरून, कमरेच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर. स्वेटरच्या आत नव्हे. शिवाय प्रत्येक गार्डजवळ वही आणि पेन. कपडे फार घट्ट नकोत आणि फार सैलही नकोत, हेदेखील लिहून ठेवलंय. ज्याने लिहिलं त्याने गार्डला पळताना पाहिलेलं असणार.

प्रश्न : मी भिवंडीत एका गोदामावर आहे. बारा तास ड्युटी, सुट्टी नाही, पगार दोन महिने थकलाय. एजन्सीने दहावीचा मूळ दाखला ठेवून घेतलाय, सोडलं तर देणार नाही म्हणते. शेजारच्या कंपनीतला गार्ड म्हणतो तो ‘बोर्डाचा’ आहे, त्याचा पगार वेळेवर होतो. बोर्ड म्हणजे काय? मला जाता येईल का?
– एक रक्षक, भिवंडी

उत्तर : बोर्ड म्हणजे सुरक्षा रक्षक मंडळ. महाराष्ट्रात ‘पसारा’च्या चोवीस वर्षं आधीपासून एक स्वतंत्र कायदा आहे : महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, 1981. त्याखाली मंडळं आहेत. तुमच्या भागाला बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्याचं मंडळ लागतं. गार्ड मंडळाकडे नोंदतो, कंपनीही मंडळाकडे नोंदते, मंडळ गार्ड पाठवतं. कंपनी पगार आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे पगाराशिवायची जादा रक्कम, मंडळात भरते, मंडळ तो पगार गार्डला देतं आणि लेव्हीतून त्याच्या इतर लाभांची सोय करतं. मध्ये दलाल नाही. आपल्या राज्यातल्या गार्डसाठी झालेली ही मोलाची गोष्ट आहे, असं मी मनापासून मानते.

मग एजन्सी कशा चालतात? या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, ज्या एजन्सीच्या गार्डना मंडळाइतके किंवा त्याहून चांगले लाभ मिळतात तिथे सरकार सूट देऊ शकतं. तेव्हा तुमच्या एजन्सीला दोन कागद विचारा : 2005 च्या कायद्याखालचा परवाना आणि 1981 च्या कायद्याखालची सूट. पुष्कळ जण पहिला दाखवून दुसऱ्याबद्दल गप्प बसतात. परवाना म्हणजे धंदा करायची परवानगी. तुमच्या पगाराचं उत्तर त्यात नाही. सूट नसेल तर मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि नोंदणीची चौकशीही तिथेच करा. नोंदणी झाली की लगेच काम मिळतं असं मात्र नाही, हातातली साईट त्या भरवशावर सोडू नका.

थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या, अर्जावर पोच घ्या. त्याचीच एक प्रत परवाना देणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याला पाठवा. हे दुसरं पाऊल कोणी टाकत नाही म्हणून सांगते. ‘पसारा’ कायद्याला एक परिशिष्ट जोडलंय. वेतन, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी असे कामगार कायदे त्यात आहेत आणि ते मोडले तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. चार जणांनी मिळून सही केली तर जास्त बरं.

मूळ दाखला ठेवून घ्यायचा अधिकार या कायद्याने एजन्सीला दिलेला नाही. कलम 15 प्रमाणे तिने रजिस्टर ठेवायचं असतं : गार्डचं नाव, पत्ता, फोटो, पगार. त्यात मूळ कागद कुठेच नाहीत. लेखी मागा. दिला नाही तर शाळेकडून दुय्यम प्रत काढता येते. शाळा, अर्ज आणि थोडी फी, एवढंच लागतं. ज्या दाखल्याच्या धाकाने तुम्हाला तिथे बांधून ठेवलंय, त्याची दुसरी प्रत शाळेच्या कपाटात आहे.

प्रश्न : मी जळगावचा, बँकेच्या साईटवर गनमन. बाराबोअरचं लायसन्स माझ्या नावावर आहे. एजन्सी म्हणते बऱ्हाणपूरला जा, आमच्याकडे मध्य प्रदेशचाही परवाना आहे. जाऊ का?
– एक गनमन, जळगाव

उत्तर : एजन्सीचा परवाना आणि बंदुकीचं लायसन्स या दोन वेगळ्या कायद्यांच्या गोष्टी आहेत. एजन्सीकडे मध्य प्रदेशचा परवाना असला तरी तुमची बंदूक त्याने तिथे वैध ठरत नाही. बंदुकीचा कायदा 1959 चा, शस्त्र अधिनियम. तुमच्या लायसन्सवर ते कोणत्या क्षेत्रात चालतं ते लिहिलेलं असतं. पुस्तिका उघडा आणि तो रकाना वाचा. महाराष्ट्रापुरतं असेल तर रावेर ओलांडून बंदूक नेऊ नका, अगदी एका रात्रीच्या ड्युटीसाठीही. पकडले गेलात तर एजन्सीचा माणूस नव्हे, तुम्ही आत जाल. लायसन्स कशासाठी दिलंय तेही त्याच पुस्तिकेत बघा. क्षेत्र वाढवायचं तर लायसन्स दिलेल्या कार्यालयातच अर्ज करायचा. तोवर एजन्सीला बिनहत्यारी पॉइंट मागा.

प्रश्न : पुण्यातल्या एका एजन्सीने आखातात गार्डची नोकरी देतो सांगून पासपोर्ट आणि पैसे मागितले आहेत. परवाना दाखवला, महाराष्ट्राचाच आहे, मुदतीतही आहे. द्यावे का?
– एक तरुण, लातूर

उत्तर : अजून काहीच देऊ नका. महाराष्ट्राच्या परवान्यावर एजन्सीला परदेशात सुरक्षा पुरवता येत नाही. त्यासाठी नियंत्रक प्राधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते आणि ती देण्याआधी त्याला केंद्र सरकारशी विचारविनिमय करावा लागतो. हे कलम 4 मध्येच आहे. त्याशिवाय परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. त्याला नोंदणी क्रमांक असतो आणि केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो पडताळता येतो. दोन्ही कागद समोर मागा. ‘ऑफिसात आहे, नंतर दाखवतो’ असं म्हणाले तर उठून या. पासपोर्ट मात्र बघायलासुद्धा हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.